तिप्पट उत्पन्नाचं घर

४ नोव्हेंबर
सरकारी बदाम योजनेत निरीक्षक म्हणून नेमणूक, तीही अगादीरच्या वरच्या डोंगरातल्या आमच्याच दरीत. घराण्यात शाळेत गेलेली मी पहिली. तेव्हा संकल्प: कुणाचीही भीड धरायची नाही. बाबांचीसुद्धा. घरटी चाळीस रोपं फुकट. अट एकच, घरात शेळी नको. शेळ्या रोपं खातात. सुरुवात आपल्याच घरापासून.
बाबा म्हणाले, शेळी आज दूध देते, तुझं झाड माझ्या नातवाला बदाम देणार. आधी नवरा तरी बघ.
हा होकारच समजावा.

११ नोव्हेंबर
घरच्या तेवीस शेळ्या विकल्या. अख्खी दरी एकाच बाजाराला शेळ्या विकायला आलेली, त्यामुळे भाव पडला. खाटीक म्हणाला, काका, ईद अजून कुठल्या कुठे, एवढ्या कापून काय सासूला जेवू घालू? बाबा हसले. म्हणजे मूड चांगला होता.

१२ नोव्हेंबर
पहाटे पिठाच्या खोलीतून बें-बें. आईने एक लपवली होती. तीही विकायला लावली. आईने तिचं दावं चुलीत घातलं. पटेल हळूहळू.

९ जानेवारी
रोपं लावून महिना झाला. पाऊस नाही. बाबा गाढवावरून पाणी आणतात, तेवढाच व्यायाम.
सर्व्हे सुरू. शेळ्यांचे पैसे कुठल्या रकान्यात? फार घालमेल. अगादीर ऑफिसला तीनदा फोन. तिथले साहेब, बेनशेक्रून सर म्हणाले, अगं बाई, पैसा हातात आला ना? मग उत्पन्नच. बाबांचं उत्पन्न तिप्पट! दरीत पहिले. एकही आकडा फुगवलेला नाही, याचं समाधान.

२ मार्च
बाबा, म्हणजे ब्राहिम उ-हम्मू, आदर्श शेतकरी ठरले. बाबांना प्रमाणपत्र, फ्रेमसकट. इज्जा मावशी म्हणाली, टांगा भिंतीला, संध्याकाळी त्याचंच दूध काढू. अडाणीपणा.
चाळीसपैकी छत्तीस रोपं वाळली. सर म्हणतात, मुळं जिवंत असतील तर जिवंतच धरा. मी उकरून पाहिलं नाही. मुळांना इजा होते.

२० मार्च
उत्पन्न वाढलेल्या घरांची नावं सवलतीच्या पिठाच्या यादीतून कमी. आमचंही. सरांना सांगितलं, हे माझे वडील. ते म्हणाले, फॉर्मवर सही कुणाची? माझी. अपवाद मागणंच चुकलं.
बाबा म्हणाले, पोरी, मी श्रीमंत झालो तेव्हा कळवायचंस तरी. एक दिवस मटण आणलं असतं.
पगारातले पैसे घरी द्यावेत का? पण लाभार्थ्याला पैसे दिले तर सर्व्हे बिघडतो. पुढच्या तिमाहीपासून नक्की.

१५ एप्रिल
बाबा खाली सपाटीवर गेले, टोमॅटोच्या पॉलिहाऊसमध्ये रोजंदारीला. वय एकसष्ट. फॉर्मात त्यासाठी रकाना आहे: उत्पन्नाचं नवं साधन. दरीत हा रकाना भरलेलं आमचं पहिलंच घर.

१९ मे
सर्व्हेची शेवटची फेरी. लाभार्थ्याची मुलाखत समक्षच घ्यायची, म्हणून दोन बस बदलून गेले. बाबा पॉलिहाऊसच्या दारात आले. मुकादम ओरडला, ए म्हाताऱ्या, गप्पांची मजुरी कापीन. शेवटचा प्रश्न: योजनेबद्दल समाधानी आहात का? बाबांनी विचारलं, काय लिहिलं की तुझी नोकरी राहते? मी म्हटलं, ‘हो’ लिहिलं की. म्हणाले, मग लिही हो. अंगठा दिला. टोमॅटोच्या झाडांनी बोटं काळी-हिरवी झालेली, सगळा कागद बरबटला. असा फॉर्म सर परत पाठवतात. दुसरा भरेपर्यंत बाबा आत गेले होते. मुकादम सोडेना.
बस सुटायला आली. दुसऱ्या फॉर्मवर मी माझा अंगठा लावला.