‘रायलीची माशी’ या बदनामीसह माझ्या सर्व चीजवस्तूंची व्यवस्था

मी, रायली किविलुओमा, वय सत्त्याहत्तर, राहणार हौक्कालाम्पी, तळ्याच्या उत्तरेचं पिवळं घर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचंही न ऐकता लिहीत आहे. कोणाचं न ऐकणं ही माझी जुनी खोड असल्यामुळे माझ्यावर दबाव आणला गेला अशी शंका कोणी घेऊ नये. वसंतात डॉक्टरीणबाईंनी कान तपासले. डावा थकला आहे. उजव्याला मात्र खराब वायर अजून खोलीच्या पलीकडून ऐकू येते.

बत्तीस उन्हाळे मी ‘केसाइल्ता’ या नाचाच्या बँडचा आवाज सांभाळला. गायक होता तेउवो रिंताला, माझी धाकटी बहीण इंकेरी हिचा नवरा. आमच्याकडे नवी कोरी वस्तू एकही नव्हती आणि तळ्याकाठच्या नाचमंडपात आमच्याइतका स्वच्छ आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहीत आहे.

कलम १. घर, होडी आणि काठाची जमीन माझी भाची मार्युत, म्हणजे इंकेरी-तेउवोची मुलगी, हिला मिळावी. अट एकच. काठावरचा सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, लाकडावरच तापवायचा. त्यात विजेची शेगडी बसवायची नाही. कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून माझ्या दफनाची कॉफी व्हावी. कॉफी कडक हवी आणि वेलचीचे पाव ताजे हवेत. गेल्या वर्षी पोस्टमन आर्मासच्या भावाच्या दफनाला दिली तसली पाणचट कॉफी माझ्या नावाने कोणाला पाजू नये. उरेल ते मार्युतचं.

कलम ३. बारा चॅनेलचा मिक्सर पैविक्की लाम्मी हिला. ती आता बँडमध्ये अकॉर्डियन वाजवते आणि वायर गुंडाळताना पीळ पडू देत नाही, एवढी लायकी मला पुरे.

हा मिक्सर मी १९७९ साली नार्पियोच्या एका टोमॅटोवाल्याकडून घेतला. त्याने तो काचघरात, टोमॅटोच्या वेलांखाली ठेवला होता. तेउवो सोबत होता. तो म्हणाला, “मेहुणीबाई, यातून गाणं नाही, सॉस निघेल.” मी झाकण उघडलं आणि आत नाक घातलं. जुनं सामान घेताना आधी हुंगायचं. धुळीचा वास आला तर घ्यावं, जळका वास आला तर नमस्कार करून परत फिरावं. आत ओल होती, गंज होता, एक वाळलेला बेडूकही होता, पण जळकं काही नव्हतं. मग मी विकणाऱ्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारला, “का विकताय?” तो म्हणाला, “बायको म्हणते, एक तर हे नाही तर मी.” असं कारण खोटं नसतं. तो हिवाळा मी एकेक बटण सोडवून स्पिरिटने पुसलं, तारांच्या एकेका जोडाला नव्याने डाग दिला. तेव्हापासून आजवर त्यात चुकून एकदाही गुणगुण झालेली नाही.

पैविक्की, तिसरा चॅनेल थंडीत खरखरतो. त्याला शिव्या देऊ नकोस, दहा मिनिटं तापू दे.

कलम ४. स्पीकर आणि अँप्लिफायर गावच्या युवक मंडळाला. लग्नाला, मयताला आणि शाळेला फुकट द्यावेत. निवडणुकीच्या सभेला द्यायचे नाहीत, मग पक्ष कोणताही असो.

कलम ५. सोल्डरिंगचं सामान माझ्यासोबत पेटीत ठेवावं. पाद्रीबाई हरकत घेतील. त्यांना सांगावं की त्यांच्या चर्चचा माइक गेली अकरा वर्षं याच सामानामुळे बोलतो आहे.

यापुढची पानं वेगळ्या पाकिटात आहेत. ती फक्त तेउवो आणि मार्युत यांनी वाचावीत.

कलम ६. आता माशी.

१९८६ च्या जुलैमधला शनिवार होता. केसाइल्ताची कॅसेट आम्ही रिकाम्या नाचमंडपात, त्याच एका दुपारी रेकॉर्ड करणार होतो, कारण आमचा अकॉर्डियनवाला दुसऱ्या दिवशी कामासाठी स्वीडनला निघाला होता. मंडपात गाणी जोडीने वाजतात. एकीला नाचायला घेतलं की दोन गाणी, मग तिला जागेवर सोडायचं. नाचायला कोणी नव्हतं तरी आमच्या लोकांना एकच गाणं वाजवून थांबता येईना. म्हणून मी टेप सोडून दिली आणि दर जोडीतल्या दोन गाण्यांमधली उसंतही रेकॉर्ड होऊ दिली.

पहिलं गाणं आरशासारखं स्वच्छ आलं. दुसऱ्यात गुणगुण सुरू झाली. जोडी संपताच मी सगळ्यांना थांबवलं. वायरी बदलल्या, दिवे घालवले, कॉफीच्या टपरीतला फ्रीज बंद केला, मिक्सर उघडून पुन्हा हुंगला. माशी जाईना. तेउवो म्हणाला, “चालू दे आता! टोमॅटोवाल्याचं भंगार ते, दुसरं काय होणार?” बाकीची दहा गाणी त्या माशीसकट झाली. संध्याकाळी आम्ही सगळे मंडपामागच्या सौनात घाम काढत बसलो आणि तेउवो माझ्या शेजारी बसून माझ्या मिक्सरला शिव्या घालत होता.

कॅसेट त्याने हेलसिंकीच्या एका रेकॉर्ड कंपनीला पाठवली. उत्तर आलं, गायक चांगला आहे, पण मागची गुणगुण ऐकवत नाही. तेउवो पुन्हा कुठे काही पाठवायला गेला नाही. त्या दिवसापासून गावात कुठेही स्पीकर घुमला की लोक म्हणतात, “रायलीची माशी आली.” सदतीस वर्षं मी हे ऐकते आहे. दुकानात ऐकलं, चर्चच्या पायरीवर ऐकलं, माझ्या सत्तराव्या वाढदिवसाच्या केकवर साखरेची माशीसुद्धा होती. मी हसले आणि केक खाल्ला. मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे.

माशी कुठे शिंकली ते मला आठवड्याने कळलं. घरी मूळ टेप ऐकत होते. पहिल्या जोडीतल्या उसंतीत माइक उघडाच होता आणि त्यात इंकेरीचा आवाज आहे. कॉफीचा थर्मास ठेवता ठेवता ती म्हणते, “तेउवो, सौनाची शेगडी लावून आलेय रे. झालं की लगेच जा, गळा शेकून निघेल.” मग दुसरं गाणं आणि त्याबरोबर माशी. विजेची शेगडी त्याच वर्षी बसवली होती आणि तिची लाइन स्टेजच्याच वायरीवरून गेली होती. मी ते वाक्य त्या दिवशी हेडफोनमधून ऐकलंही होतं. पण शनिवारी कोणी सौना लावला तर आमच्यात ती बातमी नसते. मी फ्रीज बंद केला आणि सहा किलोवॅटची शेगडी विसरले. हा माझा दोष आहे, तो मी लिहून देते. मिक्सरचा नाही.

मी टेप घेऊन इंकेरीकडे गेले. ऐकून ती पांढरीफटक पडली. म्हणाली, “ताई, त्याचं सगळं माझ्यामुळे बुडालं हे त्याला कळलं तर तो काही बोलणार नाही गं. आयुष्यभर काहीच बोलणार नाही. मी आहे तोवर नको सांगूस.” मी शब्द दिला. इंकेरीला जाऊन तीन वर्षं झाली. शब्द पाळून झाला आहे.

कलम ७. सबब माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या जूनमध्ये, उन्हाळी सणाच्या नाचाला, सगळं गाव जमलेलं असताना ही टेप माझ्याच मिक्सरवरून, माझ्याच स्पीकरवर, पूर्ण आवाजात वाजवावी आणि तेउवोने पुढे उभं राहून म्हणावं, “माशी रायलीची नव्हती.”

कलम ८. वरचं मंगळवारी लिहिलं. आज गुरुवार. साक्षीदार यायच्या आधी टेप शाबूत आहे ना, हे पाहायला काल ती लावली. बऱ्याच वर्षांनी लावली. इंकेरीच्या त्या वाक्यानंतर ती हसते हे मी विसरले होते. आणि तेउवो माइकपासून मान वळवून म्हणतो, “तू पण ये मग.” मी पुन्हा मागे घेऊन ऐकलं. चार वेळा.

तेउवोकडे तिचा आवाज नाही. फोटो आहेत, विणलेले मोजे आहेत, आवाज नाही. परवा दुकानात मला म्हणाला, “रायली, तिचा आवाज आठवायला बसलो की आता माझाच ऐकू येतो गं.” मी त्याला दुधाची पिशवी धरायला दिली आणि घरी आले.

म्हणून कलम ७ रद्द. ते खोडलेलं नाही. मला काय करता आलं असतं हे तेउवोने वाचावं, एवढा मान मी स्वतःसाठी ठेवते.

कलम ९. ती टेप, आणि ती वाजवण्यासाठी जुन्या पाद्रीबुवांकडून घेतलेला टेप रेकॉर्डर, तेउवो रिंताला याला मिळावा. टेपच्या शेवटी अर्ध्या प्रवचनाचा तुकडा आहे, त्याकडे लक्ष देऊ नये.

तेउवो, एकटा असताना लाव. पहिलं गाणं संपलं की थांबवू नकोस, उसंत पूर्ण ऐक. तिच्यावर रागवायचं असेल तर आधी माझ्याशी भांडायला कबरीवर ये. गावाला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सदतीस वर्षं ऐकलं आहे, मेल्यावर आणखी थोडं ऐकेन.

आणि दुसऱ्या गाण्यात गुणगुण सुरू झाली की मिक्सरला शिव्या देऊ नकोस. तो सौना तापतो आहे. ती तुझ्यासाठी तापवते आहे.

या मृत्युपत्रावर मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. हे मृत्युपत्र आहे हे त्यांना ठाऊक आहे. मजकूर त्यांनी वाचलेला नाही आणि कायद्याने तशी गरजही नाही. तुउलिक्कीने प्रयत्न केला.

सही: रायली किविलुओमा

साक्षीदार:
आर्मास पेल्काला, निवृत्त पोस्टमन
तुउलिक्की हार्यु, ग्रंथपाल

स्थळ: हौक्कालाम्पी
दिनांक: १४ सप्टेंबर २०२३