आईच्या गुलाबाला दोनदा खत

दि. २० एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

मधल्या सुट्टीत घाईने लिहितोय, अक्षर सांभाळून घे. सकाळी शाळेला निघताना मागचं दार उघडलं आणि जागीच थिजलो. आईचा गुलाब काळाठिक्कर पडलाय. लिंबाच्या आणि जास्वंदीच्या पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या करपल्यात. मातीवर पांढरं काहीतरी साचलंय, मिठासारखं.

मी हयगय केलेली नाही गं. थंडी सरून कोंब दिसायला लागले, तेव्हा तुझं पत्र समोर ठेवूनच खत सुरू केलं. महिन्यातून एकदा, झाडामागे चमचाभर, खोडापासून लांब. या महिन्यात पानं पिवळी पडली, तेव्हा उपाशी असतील म्हणून आणखी एकेक चमचा घातला.

मला संशय आहे तो वरच्या मजल्यावरच्या आपल्या बंधुराजांचा. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून तो माझ्याशी बोलत नाही, मीही नाही. पण त्याचा राग झाडांवर काढायचा? साबणाचं पाणी ओतलंय की आणखी काय, देव जाणे. गवंड्याला सांगून आलोय. सोमवारपासून बागेच्या मधोमध भिंत. एवढं बोलून वर्गात गेलो, तर फळ्यावर साधी फुलदाणी काढता येईना.

आहेस तिथून धीर दे.
तुझा
दादा

दि. २१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, हा माणूस वेडा झालाय का? काल कामावरून आलो तर बागेत एक गवंडी दोरी धरून उभा. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, मास्तरांनी भिंत सांगितलीय. मी पुढे झालो आणि गुलाब पाहिला. दिवसभर विजेच्या तारा जोडणारा मी, पण असा झटका कधी बसला नव्हता.

भिंतीला आड येतात म्हणून त्याने झाडं मारली असणार, दुसरं काय? मी तर त्यांना जिवापाड जपत होतो. तू कळवलंस तसं दर महिन्याला खत, दादा शाळेत गेला की खाली उतरून. पानं सुकायला लागली तेव्हा जास्तच दिलं. त्याला कळलं असतं तर म्हणाला असता, आई असताना कुठे होतास. म्हणून गुपचूप.

तूच त्याला दोन शब्द सुनाव. माझं त्याच्यापुढे तोंड उघडत नाही.
तुझाच
गुंड्या

दि. २४ एप्रिल

ती. दादा आणि चि. गुंड्या,
नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याचा त्याने उचलावा.

तुमची दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. एक वाचून हादरले, दुसरं वाचल्यावर इथे रोपवाटिकेत, कामावर असतानाच उत्तर लिहायला बसले. कागद मालकीणबाईंनीच दिला.

अरे, कोणी विष घातलेलं नाही! दादाने खत घातलं, आणि तो शाळेत गेला की गुंड्यानेही. पान पिवळं पडलं की दोघांनीही वाढवलं. गुंड्या, तू कुंड्यांसाठी म्हणून विचारलंस, मला वाटलं तुझ्या गच्चीतल्या. नाहीतर मी तुला तेव्हाच अडवलं असतं. आणि एवढ्या कडक उन्हात खत बंद ठेवायचं असतं, हे मी दोघांनाही लिहिलं होतं. दोघांनीही तेवढंच वाचलं नाही. भाऊ खरे!

आता ऐका. वरची पांढरी माती, ते साचलेलं खतच आहे, खरवडून काढा. प्रत्येक झाडाला भरपूर पाणी द्या, जास्तीचं खत मुळांखाली वाहून जाईल इतकं, दोन-तीन दिवस सलग. मग पावसाचा जोर ओसरेपर्यंत खताला हात लावायचा नाही. तेव्हाही नवी पालवी दिसली तरच, अर्धा चमचा, ओल्या मातीत. कडाक्याच्या थंडीत पुन्हा बंद. आणि खत कोणीतरी एकानेच घालायचं.

पत्र दोघांना मिळून एकच पाठवतेय. दादा, हे घेऊन जिना तुम्ही चढायचा.
तुम्हा दोघांवर सारखीच चिडलेली
चिमणी

दि. ३ मे

चि. चिमणीस,
पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. गवंडी पाया खणायला आला होता, त्याला परत पाठवलं आणि वर गेलो. दार गुंड्यानेच उघडलं. मी कागद पुढे केला. त्याने उंबऱ्यातच उभ्या उभ्या वाचला. मग म्हणाला, म्हणजे आपण दोघांनीच मारलं.

गुलाब गेला. मुळासकट काढला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. लिंबू वाचेल असं वाटतंय, जास्वंदीला तर डोळे फुटलेत. खत माझ्याकडे, पाणी त्याच्याकडे, असं ठरलंय. आईच्या आजारपणाचा विषय अजून कोणी काढलेला नाही. काढावा लागेल, आणि मला त्याची धास्ती वाटते.

पण काल हात धुवायची बादली भरायला मी नळ सुरू ठेवून आत गेलो, विसरलो. अंगणभर पाणी झालं. गुंड्या बाहेरून जिवाच्या आकांताने ओरडला, दादा, नळ! माझ्या हातातली पेन्सिल गळून पडली. आई गेल्यापासून त्याच्या तोंडून ‘दादा’ हा शब्द ऐकला नव्हता. धावत गेलो खरा, पण नळ बंद करायचं भानच राहिलं नाही. तो शेवटी त्यानेच बंद केला, मला शिव्या घालत.

उत्तराची वाट बघतोय, आम्ही दोघंही.
तुझा
दादा