तौनो बोलायला लागला तेव्हा

सारिवारा,
मंगळवार, १७ फेब्रुवारी १९७६

चि. इर्मेली,

तुला पोटभर आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे जावयाच्या, रेयोच्या पाठीला, कारण ती पुन्हा दुखतेय असं लिहिलंयस. तुझं पत्र आणि कॉफी दोन्ही मिळालं. पत्र तीनदा वाचलं, कॉफी अर्धी संपली. इथे बर्फ खिडकीच्या खालच्या काचेपर्यंत आलंय. छपरावरचं परवा मीच फावड्याने उतरवलं. ओरडू नकोस, शिडी पक्की होती.

तू विचारलंयस की मी गोथेनबर्गला कायमची राहायला येते का, आणि घरमालकाला महिनाअखेर सांगायचंय, मोठं घर घ्यायचं की नको. त्यावर येते. पण आधी तू माझ्याकडे सोडलेल्या कुत्र्याचं, पुल्लाचं सांगायला हवं, कारण ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू माझ्याकडे साधी मांजरसुद्धा ठेवणार नाहीस.

पुल्ला छान आहे. आत्ता चुलीपाशी पोट वर करून घोरतोय. हे पहिल्यांदा लिहिलं म्हणजे पुढचं तू नीट बसून वाचशील.

तू त्याच्यासाठी लाल स्वेटर पाठवला होतास ना, तो मी पेटीत टाकला होता. म्हटलं, कुत्र्याला स्वेटर! आमचे कुत्रे अस्वलावर भुंकायचे आणि बर्फात झोपायचे. पण तुझा हा कुत्रा म्हणजे चार बोटं उंचीचा, अंगावर केस नावाला, आणि पोट बर्फाला घासत चालणारा, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. जानेवारीत मी सतरंज्या खळबळायला तळ्यावर गेले, आपण बर्फाला भोक पाडून ठेवतो तिथे. तो मागेमागे आला आणि काठावरच्या बर्फपाण्यात पोटापर्यंत भिजला. मी त्याला घसरगाडीच्या खुर्चीवर बसवलं, सतरंज्या खाली, कुत्रा वर, आणि मागच्या पट्टीवर उभी राहून एका पायाने रेटत घरी निघाले. वाटेत दुधाच्या कॅनच्या कट्ट्यापाशी हिल्या भेटली. हिल्या भेटल्यावर काय होतं तुला ठाऊकच आहे. तिच्या सुनेचं सगळं ऐकून होईपर्यंत तो आधी थडथड कापत होता आणि मग कापायचा थांबला. मला वाटलं, चला, शांत झाला एकदाचा.

तो शांत झाला नव्हता, इर्मेली. खाली उतरवला तर शनिवारच्या रात्री दारूच्या दुकानातून परतणाऱ्या माणसांसारखा चारी पाय वेगवेगळीकडे टाकायला लागला आणि चार पावलांवर बर्फातच आडवा झाला. कान गार, हिरड्या पांढऱ्या, डोळे उघडे, पण हाक मारली तरी बघेना. कोटात घालून पळत आणला. शनिवार होता, वाफेची सौना तापलेलीच होती. आपल्याकडे कुणाला काहीही झालं तरी पहिलं काय सुचतं? सौनाचं दार मी उघडलंसुद्धा होतं. कुत्रा माझा असता तर आत नेऊन वरच्या फळीवर ठेवला असता आणि दगडावर पाणी टाकलं असतं. पण तो तुझा. म्हणून आधी जनावरांच्या डॉक्टरणीला फोन केला.

ती फोनवर अशी ओरडली की पुल्लानेही कान हलवला. "सौना नाही! चूल नाही! बाहेरून एकदम धग दिलीत तर पायांतलं गार रक्त काळजाकडे धावेल आणि तिथेच संपेल तो." म्हणाली, पुसून कोरडा करा, चोळू नका. लोकरीत गुंडाळा. कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलात बांधून छातीपोटाशी ठेवा. हळूहळू. गिळायला लागला की साखरेचं कोमट पाणी द्या.

"आणि एक चमचा दारू?" मी विचारलं.

"कुणाला?"

"पुल्लाला. आमचे हे वासरांना द्यायचे."

"कुणालाच देऊ नका," ती म्हणाली, "स्वतःलाही नको." आणि जाताजाता एक सांगितलं ते मी मनात पक्कं धरलं. कापणारा जीव अजून लढतोय. तो कापायचा थांबला आणि अंग गारच असलं, की घाबरायचं.

संध्याकाळी पुल्लाने डोळे उघडले, साखरपाणी प्याला आणि ताटातलं चीज चोरलं. मी चुलीपाशी बसून रडले. तेव्हापासून लाल स्वेटर घातल्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर पडत नाही. गाव हसतं. हसू दे.

आता दुसरं. तेही माझ्याकडूनच कळलेलं बरं, कारण रेयोची आत्या लिहिल्याशिवाय राहायची नाही, आणि ती मीठमसाला घालून लिहील.

तळ्यापलीकडचा तौनोकाका तुला आठवतोच. तुझ्या लग्नात तो पूर्ण दिवस बसला आणि निघताना "बरं" म्हणाला, तो. तुझे बाबा गेल्यापासून माझी लाकडं तोच फोडतो. येतो, "हूं" म्हणतो, फोडतो, कॉफी पितो, जातो. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, तेव्हाही एवढंच बोलायचा. मी आपली बोलते, तो ऐकतो. माणूस ऐकतोय की झोपलाय हे त्याच्या कपावरून कळतं.

तर महिन्याच्या सुरुवातीला तो बर्फाखालची जाळी ओढायला गेला होता. वारा वाईट होता. माझ्या वाटणीचा मासा आणायला मी घसरगाडी घेऊन निघाले, पुल्ला स्वेटरात पुढे बसलेला. लांबून दिसलं, तौनो उलट्या टबावर बसलाय. जवळ गेले तर टोपी खाली पडलेली, हातमोजे काढलेले, कोटाची बटणं उघडी. एक पाय मांडीपर्यंत भिजून लाकडासारखा कडक. भोकाजवळचा पातळ बर्फ पायाखाली फुटला होता. घरी जाऊन पँट बदलायची सोडून हा माणूस जाळी पूर्ण ओढून बसला.

मी म्हटलं, "अरे, टोपी घाल की!"

तर तो हसला. म्हणाला, "साइमी, आज हवा किती छान पडलीय."

वारा कान कापून नेत होता. मी बघतच राहिले. आणि तो बोलायला लागला. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते, पण थांबेना. म्हणाला, संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा लागला की मी माझा लावतो. म्हणाला, तुझी कॉफी पातळ असते, पण मला तीच लागते. म्हणाला, दोन घरं कशाला तापवायची, आपण लग्न करू.

इर्मेली, तुझ्यापासून काय लपवू. एक क्षण माझं काळीज पोरीसारखं उडालं. फक्त एक क्षण. लगेच दुसरा विचार आला की तौनो सलग तीन वाक्यं बोलला, म्हणजे हा मरतोय.

मग सगळं दिसलं. तो कापत नव्हता. ओठ निळे होते. उठवला तर पुल्लासारखेच पाय टाकायला लागला. त्याला घसरगाडीच्या खुर्चीवर कोंबला, माझी शाल त्याच्या डोक्याला बांधली, पुल्लाला त्याच्या कोटात घालून बटणं लावली आणि रेटायला लागले. सासष्ट वर्षांची बाई तळ्यावरून एवढा मोठा बाप्या रेटत नेतेय, आणि त्याच्या गळ्यापाशी लाल स्वेटरातला कुत्रा डोकं काढून बघतोय. बघायला कुणी नव्हतं, हेच नशीब.

वाटेत त्याने कोटाच्या खिशातली बाटली काढली. मी ती बर्फात ओतली. तो पहिल्यांदाच माझ्यावर रागावला.

"सौना तापव," म्हणाला.

"नाही तापवत."

"माझा बाप तळ्यात पडला तेव्हा आईने बर्फाने चोळून सौनातच नेला होता."

"आणि मग?"

बाप त्याच आठवड्यात गेला होता, मला आठवत होतं. त्याला ते तेव्हा आठवलं की नाही, कोण जाणे.

घरी आणल्यावर आडवा निजवला. ओले कपडे कात्रीने कापून काढले. हे वाक्य रेयोला वाचून दाखवू नकोस. भिंतीवर डॉक्टरणीचाच नंबर लिहिलेला होता, तोच फिरवला.

"आता काय केलं कुत्र्याने?" ती म्हणाली.

"कुत्रा नाही. तौनो."

तिचा सूर बदलला. मग म्हणाली, "त्याला फार हलवू नका, हातपाय चोळू नका, बाकी सगळं तेच. मी रुग्णवाहिका पाठवायला सांगते."

रस्ता बर्फाने बुजलेला. आधी बर्फ काढणारी गाडी यायची, मग रुग्णवाहिका. बाटल्या घरात चारच होत्या आणि तौनो पुल्लाच्या कितीतरी पट मोठा. त्याचा श्वास इतका हळू झाला की मी त्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होते. तेव्हा मीही रजईत शिरले आणि त्याला मागून छातीशी धरून पडले. पुल्ला पुढच्या बाजूला. चुलीजवळ न्यायचं नव्हतं, मग घरात गरम असं तेवढंच होतं.

मी सारखी बोलत होते. गाईंबद्दल, हिल्याच्या सुनेबद्दल, काय वाटेल ते. बऱ्याच वेळाने त्याचा खांदा हलला, मग पाठ, आणि मग तो असा थडथड कापायला लागला की पलंग वाजायला लागला. त्या आवाजाने मला जेवढा आनंद झाला तेवढा आयुष्यात कधी कशाने झाला नसेल. रुग्णवाहिकेची पोरं आत आली ती त्याच वेळी. त्यांनी जे पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सहकारी दुकानात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तुला लिहिलं.

आठवडाभर इस्पितळात होता. पायाची दोन बोटं काळी पडली होती, पण वाचली. आता घरी आलाय. काल लाकडं फोडायला आला. "हूं" म्हणाला. कॉफी प्याला. गेला.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, थंडी डोक्यात गेली की माणूस भ्रमात काहीही बोलतो, मागाहून त्याला काही आठवत नाही. मी म्हटलं, हो, तसंच असणार. बरंच झालं. मला काय, मला आता सासष्ट झाली.

तुझ्या घराच्या प्रश्नाबद्दल म्हणशील तर रेयोच्या मनात असेल आणि खोलीला उन्हाची खिडकी असेल तर यायला हरकत काय

शुक्रवार

वरचं वाक्य तसंच राहिलं. दारात बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज आला आणि मी पत्र ब्रेडच्या डब्याखाली सरकवलं. मग तीन दिवस पेन हातात धरवेना.

तौनो आला होता. लाकडं फोडायला नाही, लाकडं तर आदल्या दिवशीच झाली होती. टोपी मांडीवर घेऊन बसला. एक कप झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मी विणत होते. पुल्ला त्याच्या पायावर जाऊन झोपला. बर्फावरच्या त्या दिवसापासून तो तौनोला आपलाच मानतो.

मग म्हणाला, "बर्फावर मी काही बोललो का?"

मी टाके मोजत राहिले. "बरंच बोललास."

"काय?"

"थंडी वाजली होती तुला. डॉक्टर म्हणाले, त्यात माणूस काहीही बोलतो. मी मनावर घेतलं नाही."

तो उठला. टोपी घातली, दारापर्यंत गेला. माझी मान वर होईना. गेला तर आता हा विषय पुन्हा निघायचा नाही, एवढं मला कळत होतं, आणि त्याला थांब म्हणायला माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं, तुला ठाऊक आहे.

दार उघडलं नाही. तो परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"तासभर चुलीपाशी बसलोय," म्हणाला. "तीन कप कॉफी झाली. आज मला थंडी नाही, साइमी." आणि हात पुढे केला. "बघ."

मी विणकाम खाली ठेवलं आणि बघितला. हात गरम होता. चांगला गरम. मी सोडला नाही.

तेव्हा घरमालकाला सांग, मोठं घर नको. आम्ही येऊ तुमच्याकडे, उन्हाळ्यात, पाहुणे म्हणून. तुमच्या कोचावर झोपू.

बाबांचा फोटो जिथे आहे तिथेच राहील. मी काही म्हणायच्या आधी तौनोनेच तसं सांगितलं. बाबा गेले तेव्हा तू कबरीपाशी माझा हात धरून म्हणालीस, आता तुला एकटीला नाही ठेवणार. ते मी विसरले नाही. म्हणूनच हे सगळं पहिल्यांदा तुला लिहिलं, हिल्यालाही अजून सांगितलेलं नाही. तुला वाईट वाटलं तर वाटू दे, मला राग नाही यायचा. पण चार ओळी लिही. वाईट वाटल्याच्या असल्या तरी लिही. तोवर मी रोज टपालपेटीपाशी जाईन, टोपी, मोजे आणि दोन जाकिटं घालून. पुल्ला स्वेटरात असेल.

तुझी आई,
जी गोथेनबर्गला राहायला येत नाही,
साइमी