तो बाजूलाच उभा आहे

३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुरुंगाचा शिपाई झालास म्हणून नाव बदलणार नाही. माझ्यासाठी तू ढब्बूच. फोन करावा तर तुझा फोन ड्यूटीभर फाटकावरच्या लॉकरमध्ये, आणि सुटलास की तू कुंभकर्ण. म्हणून हा कागद. माझा गुडघा बरा आहे. ताईच्या छकुलीला शाळेतून आणायला हल्ली मीच जाते.

तुझ्यापेक्षा तुझा तो मित्र बरा! तुझ्याबरोबरच काम करतो म्हणे. दुपारची जेवणं आटोपली की रोज फोन करतो. नाव विचारलं तर म्हणतो, तुमच्या मुलासारखाच समजा. तू बाजूलाच उभा आहेस पण कामात आहेस, असं सांगतो. गुडघ्याची चौकशी करतो, तुझ्या लहानपणच्या गोष्टी ऐकतो, छकुली कुठल्या फाटकातून बाहेर येते तेसुद्धा विचारतो. पोटच्या पोराला मात्र सवड नाही! राग मानू नकोस, वेळेवर जेवत जा.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
आई

७ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आई, आत जाताना आम्हा सगळ्यांचे फोन काढून घेतात. माझ्या बाजूला उभं राहून तुला फोन करणारा म्हणजे चोरटा फोन बाळगणारा कैदीच. गेल्या महिन्यात मी असे फोन पकडून दिले, एक पिठाच्या पोत्यात होता, एक चपलेच्या तळात. बघून घेऊ, अशी धमकी तेव्हाच आली होती; मी हसण्यावारी नेली. परवा बराकीतून जाताना मागून कोणीतरी हळूच ढब्बू म्हणालं. ते नाव मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही.

छकुलीला शाळेत पाठवू नका. दाराला कडी लाव. फोनवर मला काही कळवू नकोस, पत्रच लिही. मंगळवारी दुपारी आम्ही अचानक झडती घेणार आहोत. त्या दिवशी त्याचा फोन आला की तू नेहमीसारखीच बोल आणि त्याला अडकवून ठेव. हे तुला जड जाईल, पण दुसरा उपाय मला सुचत नाही.

झडतीचं फक्त साहेबांना सांगितलं आहे. माझ्या खोलीतले सोबती अण्णा, जुने शिपाई, त्यांनाही ऐन वेळीच सांगणार. त्यांचा इथे मोठा आधार आहे. टपालसुद्धा तेच उचलून आणतात.

काळजी घे, मीही घेतो.
तुझा,
ढब्बू

११ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

ते नाव मीच त्याला सांगितलं रे. छकुलीचं फाटकही मीच सांगितलं. आता ती घरीच आहे, दाराला कडी आहे.

काल त्याचा फोन आला. तू सांगितलंस तशी मी तुझ्या बारशापासूनची रामकहाणी लावली. मध्येच तिकडे शिट्टी वाजली आणि तो गप्प झाला. पण फोन बंद झाला नाही. घाईत खिशात कोंबला असावा, कापड घासल्यासारखं ऐकू येत होतं, किल्ल्या वाजत होत्या. मी फोन कानाला घट्ट लावला. तुझा आवाज आला, इतका जवळून की हाक मारावीशी वाटली. तू गाद्या उलटायला लावत होतास. मग तू अण्णांकडे बॅटरी मागितलीस, आणि माझ्या कानाशी तोच रोजचा गोड आवाज तुला म्हणाला, ही घे.

मी तोंडात पदर कोंबला. शेवटी साहेब म्हणाले, काहीच सापडलं नाही. कसं सापडेल? काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुम्ही कैद्यांच्या गाद्या उलटल्या, शिपायांचे खिसे नाही.

फोन चालूच राहिला होता, हे त्याला नंतर कळलं असेल का? मला फार भीती वाटते आहे. रात्री तू त्याच्याच शेजारी झोपलास.

म्हणून हे टपालाने पाठवत नाही. जावईबापू स्वतः येताहेत, तुझ्याच हातात देतील. तुझं वाचून होईपर्यंत अण्णा समोरच बसलेले असतील. तोंडावर काही दाखवू नकोस. हसून सांग, आईचा गुडघा बरा आहे म्हणून. मग चपला घाल आणि जावईबापूंबरोबर सरळ साहेबांच्या घरी जा.

लोभ आहेच, तू सुखरूप ये.
आई