आजींचा बिबट्या

४ ऑगस्ट
आमच्या सफारी कॅम्पवर नवीन पाहुण्या आल्या. वांगारे आजी, नैरोबीच्या, शाळेतून निवृत्त. एकट्याच. त्यांना सिंह नको, हत्ती नको, फक्त बिबट्या हवा. नवरा मैना बस चालवायचा. एकदा त्याच्या बसला म्हणे बिबट्या आडवा गेला. आजींनी जन्मभर त्याला थापाड्या म्हटलं. आता तो नाही. मी म्हटलं, आजी, उद्याच दाखवतो. इथले बिबटे मला ओळखतात. माझा वाटाड्या सारुनी चहात हसला. जळतो.

५ ऑगस्ट
बिबट्या नाही. वारा उलटा होता. माझा काय दोष?

६ ऑगस्ट
नाही. टायर पंक्चर. जिराफ अगदी जवळ आला, तर आजींनी घड्याळ बघितलं. उद्यापासून पहाटे उठणार.

७ ऑगस्ट, दुपार
उठायला उशीर झाला.
कोरड्या नदीपलीकडे उंबरावर एक मोडकी फांदी लोंबत होती. आजींनी विचारलं, तोच का रे? मी नाही म्हणणारच होतो. तोंडातून ‘हो’ गेलं. आजी जीपमध्ये उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, मैना, खरं बोलत होतास रे तू. माझा हात घट्ट धरला.
सारुनी नंतर म्हणाला, साहेब, तुमची फांदी शेपूट हलवते का? मी सांगितलं, लांबून ती बिबट्यासारखीच दिसते. म्हणजे अगदी खोटं नाही.

संध्याकाळ
आजींनी जेवताना सगळ्यांना बिबट्याची गोष्ट सांगितली. आचाऱ्याने खूश होऊन मला बकऱ्याची मोठी फोड वाढली. घशाखाली उतरली नाही. मीठ जास्त असेल.

८ ऑगस्ट
उपाय सापडला! खरा बिबट्या दाखवायचा, म्हणजे आधीचं खोटं आपोआप खरं होईल. दिवसभर फिरलो. नाही. आजींना काही घाई नाही, जीपमध्ये बसून विणत होत्या. म्हणाल्या, पोरा, आपल्या माणसावर वेळेत विश्वास ठेवावा. मला ठसका लागला. धूळ फार.

९ ऑगस्ट
आज खरं सांगायचंच. नाश्त्यानंतर.
नाश्त्यानंतर आजी रेंजसाठी टेकाडावर चढल्या आणि मुलीला फोनवर म्हणाल्या, तुझे बाबा खोटारडे नव्हते गं, मीच वाईट. खाली आल्या तेव्हा चेहरा असा हलका झालेला, की मीच चहा आणायला निघून गेलो. जेवणानंतर सांगणार होतो. जेवणानंतर त्या झोपल्या. झोपमोड करणं बरं दिसत नाही.

१० ऑगस्ट
आजी आज निघाल्या. विमानाच्या धावपट्टीकडे जाताना रस्त्याच्या मधोमध बिबट्या! खरा! चालत होता! सारुनी जवळजवळ खाली पडला. मी ओरडलो, आजी, बघा, बघा! सुटलो एकदाचा.
आजींनी चष्मा पुसला, बघितलं. म्हणाल्या, हा बारका आहे. आपला केवढा होता! चल, त्याला शेवटचं बघून जाऊ.
काय करणार? जीप वळवली. उंबरापाशी उन्हाने त्यांना काही दिसेना. विचारलं, आहे का रे?
सारुनीने माझ्याकडे बघितलं. सांगायची हीच वेळ होती.
म्हटलं, आहे आजी. झोपलाय.
मग हळू बोल की, त्या म्हणाल्या.
त्यानंतर धावपट्टीपर्यंत आम्ही तिघंही कुजबुजतच बोललो.