फळीवरची थाळी

प्रणिता मॅडम,

तुमच्या वहीत दर मंगळवारी मी सही करत हुते, की कार्तिकीकडून रोज सराव करून घेतला. ती सही खोटी हुती.

पोरीला शाळेत बसता येत न्हाई म्हनून तुमी पाथर्डीवरनं गाडीवर आमच्या वस्तीला यायच्या. उंच काठाची थाळी आनून तिला हातानं जेवायला शिकवायच्या. तुमी गेल्या की मी थाळी फळीवर ठिवायचे आन् नऊ वर्साच्या लेकीला घास भरवायचे. तिची बोटं आखडल्याली, एका घासाला पाच मिन्टं लागायची, निम्मं सांडायचं. मला ते बघवत नव्हतं.

दिवाळीनंतर आमी ऊसतोडीला श्रीगोंद्याला गेलो. कार्तिकी सासऱ्यांपाशी ऱ्हायली. त्यांचे हात कापत्यात, त्यांना भरवता येत न्हाई. तिकडं फडात भाकरी सोडली की तिला आता कोन भरवत आसंल, हेच मनात यायचं.

काल परत आलो. मी दुधात भाकरी कुस्करून घास तिच्या तोंडाशी न्हेला. तिनं माझा हात बाजूला सारला आन् थाळी पुढं वढली.

सासरे म्हनले, "तिची ती खाती. मी नुसता शेजारी बसतो. मॅडमनी तसंच सांगितलंय."

उद्या तुमी आल्या की मला म्हनाल, "रोज सराव घिऊन पाया तुमीच घातला," आन् मी ते खोटं श्रेय घिऊन टाकीन. म्हनून हे पत्र, थाळी बघाया गेल्यावर तुमाला दिसंल आसं, फळीवर थाळीच्या जागी ठिवते.

तिला भरवता भरवता माझी भाकरी रोज निवायची. काल नऊ वर्सांत पहिल्यांदा मी या घरात गरम भाकरी खाल्ली, तिच्या शेजारी बसून.

ही सही मात्र खरी,
धनश्री