बाबांच्या चिलखताचा डावा पट्टा

काल्डा गढी,
ओटकापणीचा महिना, पौर्णिमेनंतरचा दिवस

प्रिय हार्विनदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, रोव्हिनला आशीर्वाद. इकडे मी आणि तिस्का बऱ्या आहोत. ओट चांगला आला, आलुबुखारांना मात्र कीड लागली. अक्षर वाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? तो दुखतो म्हणून येता येत नाही, असा तुझा निरोप मिळाला. भलताच जबरदस्त गुडघा दिसतोय, धडधाकट माणसाला घरात डांबून ठेवतो. आणि बाबांचं चिलखत कसं आहे? वेळच्या वेळी तेल लावतोस ना?

परवा काय झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल, पण सरदारांच्या तोंडून आलं असेल, म्हणून मी लिहिते. नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नाही आणि माझ्या धाकट्या दिराने, ग्रेमोल्ट भावोजींनी, भर दरबारात सांगितलं की तिस्का त्यांच्या भावाची मुलगीच नव्हे. हे खरं ठरलं की गढी त्यांची, मी मठात आणि माझी पोर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी घासायला. पुरावा काय, असं एकानेही विचारलं नाही. आपल्या आर्व्हेनच्या सरदारांना पुराव्याचं वावडं. द्वंद्व लावायचं, ज्याचा माणूस आडवा पडेल तो खोटा. आणि तो माणूसही भाड्याचा. स्वतः मंडपात बसून धुरावलेले मासे चापायचे. अंगात नाही बळ अन् चिमटा काढून पळ!

बाईच्या बाजूने सख्खा भाऊ लढतो. मी तुझी वाट पाहिली, तुझ्याऐवजी गुडघ्याचा निरोप आला. मग मी तो जुना हक्क मागितला, आत्या हसत हसत सांगायची तो. बाई स्वतः लढायला उभी राहिली तर आरोप करणाऱ्यालाही भाडोत्री चालत नाही. त्याने कमरेएवढ्या खड्ड्यात उभं राहायचं, बाईने काठावर, हातात कापडात बांधलेला दगड. जो दुसऱ्याला आपल्याकडे ओढेल तो खरा.

मरायला कुणी घाबरत नव्हतं रे, कारण मरायचं असतं भाडोत्र्याने. खड्ड्यात उतरायचं म्हटल्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. मग माणसाची कंबर नेमकी कुठे असते, यावर सकाळभर खल चालला. भावोजी म्हणाले, "आमच्या घराण्यात कंबर जरा खालीच असते." आणि पांढऱ्या दाढीच्या थोर लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या! शेवटी खड्डा खणणारा वैतागून म्हणाला, "सरकार, तुम्ही आत उतरा तरी. कमरेचा पट्टा दिसेनासा झाला की मी थांबतो."

ललकारी देणाऱ्याने रिवाजाप्रमाणे आधी तुझं नाव पुकारलं. "सोर्वेलचे हार्विन! बहिणीसाठी हजर आहात का?" तीनदा. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तरी तिन्ही वेळा मी दाराकडे पाहिलं. दादा, मला त्याचीच लाज वाटते, बाकी कशाचीही नाही.

मग भावोजी आले. अंगावर बाबांचं चिलखत.

आधी मला वाटलं, तसंच दुसरं असेल. पण गळ्यापाशी बाबांनी ठोकून सरळ केलेला पोचा कसा विसरेन?

"ओळखीचं वाटतंय का, वहिनी?" भावोजी म्हणाले. "तुमच्या दादांनी आपण होऊन पाठवलं. म्हणाले, आता आपण व्याही, म्हणजे घरचेच."

म्हणजे भावोजींची लेक तुझ्या रोव्हिनला आणि माझ्या लेकीवर पाणी सोडलंस. गुडघा घरी राहिला आणि चिलखत तेवढं चालत आलं. इतका वेळ मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण आता इतका संताप आला की भीतीला जागाच उरली नाही.

माझा दगड पहिल्याच फटक्याला चिलखतावर आपटून कापडातून निसटला. भावोजींनी माझं उजवं मनगट धरलं आणि खाली खेचलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी काठावर पालथी पडले, डोकं खड्ड्यात, आणि समोर त्यांची डावी बगल.

तिथला पट्टा तुला आठवतो? नसेलच आठवत. बाबांना बरगडीत भाला लागल्यापासून तो सैल ठेवावा लागायचा, टाके सारखे उसवायचे. तू ससाणे उडवत हिंडायचास आणि मी ते टाके घालायचे. बाबा म्हणायचे, "एदे, हे घरातल्याशिवाय कुणाला कळता कामा नये." मी डाव्या हाताने हिसका दिला. चिलखत फडताळाच्या दारासारखं उघडलं, त्यात भावोजींचा हात अडकला. मग दगडाचं रिकामं कापड त्यांच्या मानेत अडकवून मी त्यांना बाहेर ओढलं. मेले नाहीत, काळजी नको. ओट्यावर मासा पडावा तसे पडून रडले. "वहिनी, पुरे, पुरे!" सगळ्यांनी ऐकलं.

दादा, ते चिलखत तू एकदा जरी अंगावर चढवलं असतंस ना, तर देण्याआधी पट्टा बदलला असतास. तुझ्या शौर्याने मी नक्कीच मेले असते. तुझ्या भ्याडपणाने वाचवलं.

गढी तिस्काची झाली. खड्ड्यातून ओढून काढलेल्याच्या घराशी कुणी सोयरीक करायची नाही, हा नियम तुम्हा सरदारांचाच, तेव्हा रोव्हिनसाठी दुसरी मुलगी बघ. हे मी डाव्या हाताने लिहिते आहे. हाड नीट बसणार नाही, असं वैद्यीणबाई म्हणतात.

हरलेल्याचं चिलखत जिंकणाऱ्याचं होतं, म्हणून ते परत मागू नकोस. तिस्का आत्ता माझ्यासमोर बसून त्याचा डावा पट्टा शिवते आहे, मी एका हाताने धरून ठेवते. मघाशी तिने विचारलं, "आई, आपल्याकडे हे घालणार कोण?" मी म्हटलं, "तू. टाके घट्ट घाल."

गुडघ्याला जप.

बाबांची मुलगी,
एदेल्का